रीमॅप केलेली डिझेल, टॉप गिअरला क्लच घसरतोय. प्लेट बदलू की मॅप?

करवीरकर_09
मंडळी, गाडी 2014 ची, 1.6 लिटर डिझेल सेडान, पाच गिअर मॅन्युअल. कंपनीचे आकडे 105 पीएस पॉवर, 250 एनएम टॉर्क (फिरवायचा जोर). ओडोमीटर लाखाच्या बराच पुढं गेलाय आणि क्लच अजून गाडीबरोबर आलेलाच आहे. दिवाळीच्या आधी पुण्यात स्टेज वन रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घेतला. ट्यूनरच्या सांगण्याप्रमाणे आता 135 च्या आसपास पीएस आणि 320 एनएम. डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) कागदही दिलाय.

गाडी एकदम झकास झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवा रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढून वर आलो, मलकापूरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला म्हणून पाचव्यात 1800 ला पाय दाबला, तर आरपीएमचा काटा सरळ 2500 वर आणि गाडी आहे तिथंच. पाय सोडला की काटा खाली. चौथ्यातही तेच. घरी येईपर्यंत हळू चालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात काही जाणवलं नाही.

मेकॅनिक म्हणतो, प्लेट गेली, पूर्ण सेट टाका. ट्यूनर म्हणतो, मॅपचा काही संबंध नाही, क्लच जुना होता. गिअरबॉक्स एकदा उतरवायचा तर त्यात ड्युअल मास फ्लायव्हील (क्लच ज्याला धरतो ते दोन भागांचं जड चाक) आहे, त्याची किंमत ऐकून तोंडचं पाणी पळालं. प्रश्न एवढाच: कंपनीचा नवा सेट टाकला तर तो 320 पेलणार का? की आधी मॅप मूळचा करून घेऊ?

तांबडा_पांढरा
भावा, गाडीचं नाव लिहायला लाजतोस होय? 1.6, 105, 250 म्हटल्यावर अख्ख्या जिल्ह्याला कळलं की.

करवीरकर_09
नाव लिहिलं की चौथ्या प्रतिसादापासून 'त्या कंपनीची सर्व्हिस' सुरू होते. म्हणून मुद्दाम नाही लिहिलं.

बिनक्लचवाला
इलेक्ट्रिक घ्या. क्लचच नाही, घसरायचं काय? (हलके घ्या.)

तांबडा_पांढरा
@बिनक्लचवाला, प्रत्येक धाग्यावर येऊन हेच सांगतोस. तुला कंपनीकडनं पगार हाय का?

जुना_फिटर
पोरा, सेट टाकायच्या आधी गाडी खालनं बघितलीस का? इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या सांध्याला तेल ओलं दिसतंय का ते आधी बघ. क्रँकचं मागचं ऑइल सील झिरपाय लागलं की तेल थेट प्लेटंवर. मग प्लेट नवी असू दे न्हाईतर जुनी, ती धरत न्हाई. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सीलपण तसंच. गाडी लाखाच्या वर गेली की सील कडक होतंय. मी उद्यमनगरात ऑइल इंजिनं जोडत मोठा झालो. आमच्यात म्हण होती, पाना हातात घ्यायच्या आधी डोळे उघड.

आजकाल पोरं सील न बघता नुसता सेट बदलून देत्यात आणि वर्षात गिऱ्हाईक परत दारात. माझं मत, तुझं सील गेलंय.

मृण्मयी_घाटवाट
अजून एक साधी गोष्ट: क्लचवर डावा पाय टेकवून गाडी चालवायची सवय आहे का? माझ्या दिराची होती. प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) अर्धवट दाबलेली राहते आणि प्लेट गुपचूप जळते. त्यांना ते कधीच पटलं नाही, पण गाडी त्यांच्या बायकोच्या हातात गेल्यापासून क्लच टिकलाय.

आणि हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर सिलिंडरही बघून घ्या. पेडल सोडल्यावर आतलं ऑइल पूर्ण मागं आलं नाही तर दाब अडकून राहतो. परिणाम तोच, घसरण.

कोथरूडकर
मी चार-पाच वर्षं रीमॅप केलेली डिझेल चालवतोय, क्लच मूळचाच. काही होत नाही. चालवण्याची पद्धत असते. पाचव्या गिअरमध्ये 1800 ला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबणं हे मुळात चूक. एक गिअर खाली घ्या. कोल्हापूरकरांना गाडी चालवणं आणि बुलेट उडवणं यातला फरक कळला पाहिजे.

तांबडा_पांढरा
आला बघा पुणेकर. दुपारी एक ते चारमध्ये प्रतिसाद कसा काय टाकलास? 😄

गोकुळशिरगाव
कोथरूडकरांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, अर्धा नाही. पेडल पूर्ण सोडलेलं असताना क्लच घसरत असेल तर तो चालकाच्या कौशल्याचा प्रश्न उरत नाही. त्या क्षणी इंजिनचा टॉर्क क्लचच्या क्षमतेपेक्षा जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. चालक फक्त तो क्षण टाळू शकतो. कोथरूडकर साहेब तो टाळत आलेत म्हणून त्यांचा क्लच टिकलाय.

मी एमआयडीसीत ड्राइव्हलाइनच्या भागांवरच काम करतो, म्हणून थोडं गणित. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाचे दोन पृष्ठभाग, घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटची पकड आणि सरासरी त्रिज्या. चौघांचा गुणाकार. नमुन्यादाखल घेऊ (हे करवीरकरांच्या गाडीचे आकडे नव्हेत): पकड 5500 न्यूटन, गुणांक 0.3, त्रिज्या 9 सेंमी. 2 × 0.3 × 5500 × 0.09 म्हणजे 297 एनएम. 250 च्या इंजिनाला हा क्लच आरामात पुरतो, कारण डिझाइन करतानाच वरती थोडी शिल्लक ठेवलेली असते. रीमॅप ती शिल्लक खातो.

आता खरी गंमत. हा गुणांक स्थिर नसतो. फेसिंग (प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर) खूप तापलं की तो उतरतो. 0.3 चा 0.25 झाला की तोच क्लच 247 एनएमवर येतो. म्हणजे मूळ इंजिनाचाही टॉर्क त्याला जड. करवीरकर, तुम्ही लिहिलंय की घाट चढून आल्यावर घसरला आणि दुसऱ्या दिवशी गावात काही नाही. घाटात ट्रकच्या मागं अडकला होतात का?

करवीरकर_09
ट्रक नाही, पण मुर्शीपासून वर दोन लक्झरी आणि एक टँकर पुढं. अर्धा घाट पहिल्या-दुसऱ्यात, हाफ क्लचवर. आणि मलकापूरच्या अलीकडं उसाच्या डबल ट्रॉल्या. गळीत हंगाम सुरू आहे, तुम्हाला सांगायला नको.

गोकुळशिरगाव
मग झालंच. क्लच आधीच तापलेला होता, त्यावर तुम्ही 1800 ला पूर्ण टॉर्क मागितला. आणि एकदा घसरायला लागला की उष्णता अजून वाढते. समजा 270 एनएमला 500 आरपीएमचा फरक पडतोय, तर साधारण 14 किलोवॉट उष्णता त्या प्लेटवर. घरातले 2 किलोवॉटचे सात गिझर एकदम चालू केल्यासारखं. म्हणून घसरतोय असं कळलं की पहिलं काम पाय काढणं. तुम्ही ते केलंत, बरं झालं.

घटप्रभा_एक्सप्रेस
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). हे गणित मला माझ्या ट्यूनरला दाखवायचंय. तो म्हणतो, कंपनीचा क्लच 350 पर्यंत डोळे झाकून घेतो.

जुना_फिटर
गणित बरोबर असंल. पण सील बघितलं का ते अजून कुणी सांगितलं न्हाई.

शाहूपुरी_पहिली_गल्ली
अवांतर: आमचं उलटं झालं होतं. 2019 च्या महापुरात गाडी पार्किंगमध्ये पाण्यात राहिली. इंजिनात पाणी शिरलं नव्हतं, म्हणून खूश होतो. नंतर बरेच दिवस तशीच उभी. चालू करायला गेलो तर क्लच दाबूनही गिअर पडंना. गंजानं प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसली होती. घसरणं तर लांबच, सुटंच ना. 2021 ला पाणी आलं तेव्हा गाडी आधीच कावळा नाक्याच्या वर नेऊन लावली.

मृण्मयी_घाटवाट
@शाहूपुरी, आमच्या सोसायटीतही दोन गाड्यांचं तसंच झालं होतं. मेकॅनिकनं इंजिन गरम करून, क्लच दाबलेला ठेवून, गिअरमध्येच स्टार्टर मारून झटके देत सोडवली. मोकळ्या मैदानात. घरी करू नका.

तांबडा_पांढरा
उद्यमनगरात प्लेटंला नवं सिरॅमिक फेसिंग रिव्हेट मारून देत्यात की. ट्रॅक्टर, टेम्पोच्या प्लेटा रोज होत्यात. स्वस्तात काम. विषयच हार्ड.

गोकुळशिरगाव
ट्रॅक्टरचं इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमपर्यंतच फिरतं. ही गाडी साडेचार हजारांपर्यंत जाते. फेसिंग नीट बसलं नाही आणि त्या वेगाला उडालं तर बेलहाउसिंग (क्लचवरचं आवरण) फोडून बाहेर येऊ शकतं. शिवाय सिरॅमिकची बटण प्लेट एकदम धरते. महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी थरथरत सुटेल आणि तो झटका गिअरबॉक्सला बसेल. स्पर्धेच्या गाडीला ठीक. रोज ऑफिसला जायच्या गाडीला नको.

जास्त पकडीची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक फेसिंगच ठेवणं हा मधला मार्ग आहे. पेडल जड होतं, तेवढं सहन करावं लागतं.

कोथरूडकर
आणि ड्युअल मास काढून साधं फ्लायव्हील टाकायचा सल्ला कोणी देईलच, म्हणून आधीच सांगतो: डिझेलचे झटके गिळायला त्यात स्प्रिंगा दिलेल्या असतात. त्या काढल्या की आयडलला गिअरबॉक्स खडखडतो आणि ते झटके पुढं शाफ्टवर जातात. पैसे वाचतात, पण कुठून वाचतात ते नंतर कळतं.

तांबडा_पांढरा
मी तेच लिहायला बसलो होतो. 😐

गगनबावडेकर
एक प्रश्न कोणी विचारला नाही. रीमॅपची नोंद आरसी बुकात कशी करणार? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नीट वाचा. कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर 182अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला अपघातानंतर कारण मिळालं की क्लेम अडतो तो वेगळाच. क्लचपेक्षा हे महाग पडेल.

घटप्रभा_एक्सप्रेस
ईसीयूतला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला) बदल चौकातल्या साहेबाला दिसतोय होय? मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवाल्यांना धरत नाहीत.

गगनबावडेकर
दिसत नाही म्हणून कायदा बदलत नाही. आणि सर्व्हेअरनं मनावर घेतलं तर ईसीयूचं सॉफ्टवेअर तपासता येतं. शिवाय मॅपमध्ये डिझेल जास्त सोडलं असेल तर पाय दाबल्यावर मागून काळा धूर येतो, तो सगळ्यांनाच दिसतो. पीयूसीवाल्यालाही.

मृण्मयी_घाटवाट
कायद्याचा वेगळा धागा काढा प्लीज. इथं करवीरकरांचा क्लच राहिला बाजूला.

करवीरकर, एक छोटं यंत्र मिळतं, ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचं ब्लूटूथ डोंगल. फोनवर आरपीएम आणि वेग दोन्ही नोंदवता येतात. क्लच पूर्ण लागलेला असेल तर एकाच गिअरमध्ये दोन्हींचं गुणोत्तर बदलत नाही. बदललं की घसरला. पायाच्या अंदाजावर राहण्यापेक्षा हे बरं, आणि ट्यूनरच्या तोंडावर टाकायला पुरावाही होतो. शेजारी कोणीतरी बसवा, स्वतः फोनकडं बघत चालवू नका.

करवीरकर_09
रविवारी सकाळी लवकर हायवेला कागलच्या बाजूला गेलो, सहापदरीकरणाचं काम चुकवून मोकळा पट्टा शोधला. भाऊ शेजारी फोन घेऊन. इंजिन नुसतं कोमट असताना पाचव्यात 2000 ला 95 चा वेग, पाय दाबला, गुणोत्तर हललं नाही. मग मुद्दाम गावात गर्दीतून एक फेरी मारून परत गेलो. आता 98 च्या वेगाला 2600. हिशेबानं तिथं 2060 च्या आसपास पाहिजे. 3000 च्या वर मात्र पुन्हा धरतो.

खाली बघितलं. सांध्याला तेल दिसत नाही, धूळ कोरडी आहे. @जुना_फिटर काका, तरीही गिअरबॉक्स उतरवल्यावर बघेनच.

गोकुळशिरगाव
3000 च्या वर धरतो कारण तिथं तुमचा टॉर्क उतरलेला असतो. पॉवर जास्त, टॉर्क कमी. म्हणजे दोष 1700 ते 2500 ह्या पट्ट्यात आहे. ट्यूनर लोक नेमका तिथंच टॉर्क भरतात, कारण गिऱ्हाईकाला खुर्चीत मागं ढकलल्याचा फील तिथं येतो आणि पैसे वसूल वाटतात. मॅपमधल्या टॉर्क लिमिटर टेबलमध्ये (कुठल्या आरपीएमला जास्तीत जास्त किती टॉर्क सोडायचा ते) त्या पट्ट्याला 280 वर बांध घालायला सांगा. वरच्या आरपीएमला पॉवर तशीच ठेवता येते. ओव्हरटेक करताना फरक फारसा कळणार नाही.

आणि प्लेटबद्दल: झिजत जाते तशी डायफ्रॅम स्प्रिंगची पकड आधी थोडी वाढते, मग उतरते. त्यामुळं जुनी प्लेट शेवटपर्यंत बरी वाटते आणि मग एकाएकी सोडते. लाखाच्या पुढं गेलेल्या क्लचचा भरवसा तसाही नव्हता. ट्यूनर आणि मेकॅनिक दोघंही अर्धं खरं बोलतायत.

कोथरूडकर
म्हणजे मी म्हणत होतो तेच. खालच्या आरपीएमला दाबू नका.

तांबडा_पांढरा
व्हय व्हय, तुम्हीच म्हणत होता. पुण्यातनं सगळं आधीच कळतंय.

बिनक्लचवाला
पूर्ण धागा वाचला. इलेक्ट्रिकच घ्या.

करवीरकर_09
अपडेट. गिअरबॉक्स उतरवला, मी तिथंच उभा होतो. फेसिंग रिव्हेटच्या वर अजून शिल्लक होतं, पण काचेसारखं गुळगुळीत आणि काळपट. प्रेशर प्लेटवर निळे डाग. फ्लायव्हीलवर फिकट निळसर छटा, भेग नाही, आणि हातानं फिरवून बघितल्यावर खेळ मर्यादेत निघाला, म्हणून तेच ठेवलं. दोन्ही सीलं कोरडी. सेट कंपनीच्याच दर्जाचा टाकला, रिलीज बेअरिंगसकट. जास्त पकडीची प्लेट मिळत होती, पण बायको पण हीच गाडी चालवते आणि जड पेडल तिला नको.

ट्यूनरला नोंदी पाठवल्या. आधी म्हणाला क्लचचा दोष, मग आकडे बघून मॅप बदलून द्यायला तयार झाला, पैसे न घेता. आता 2300 पर्यंत 280, त्यानंतर 290.

जुना_फिटर
कोरडं निघालं ते चांगलंच झालं. पण गिअरबॉक्स खाली होता तवा क्रँकचं सील बदलून घेतलंस का न्हाई? सील दोन पैशाचं, मजुरी गिअरबॉक्सची. पुढच्या वर्षी झिरपलं तर परत तेवढीच मजुरी.

करवीरकर_09
बदलून घेतलं काका. तुमचा प्रतिसाद मेकॅनिकला वाचून दाखवला, तो हसला आणि गप सील आणायला गेला.

गोकुळशिरगाव
उत्तम. निदान 500 किमी नवीन फेसिंग बसू द्या, तोवर पूर्ण टॉर्क मागू नका. गावात वारंवार सोडणं-धरणं झालं की फेसिंग लवकर बसतं, त्यामुळं नुसतं हायवेला पळवून ते 500 मोजू नका. नंतर तीच ओबीडी चाचणी गरम क्लचवर पुन्हा करा आणि आकडे इथं टाका.

इचलकरंजी_लूम
उशिरा येतोय. माझी 1.3 डिझेल हॅचबॅक, रीमॅप नाही, सगळं मूळचं. ज्योतिबाला चढताना जळका वास येतो, पण काटा वर जात नाही आणि गाडी नीट ओढते. हाच प्रकार आहे का?

मृण्मयी_घाटवाट
नाही वाटत. घसरत असता तर काटा हलला असता. चढावर वळणाला थांबलात की गाडी हाफ क्लचवर धरून ठेवता का? तसं असेल तर हँडब्रेक लावून थांबा आणि पुढच्या खेपेला वास येतो का बघा. तरीही आला तर आधी चाकं हातानं फिरवून, ब्रेक अडकतोय का ते तपासा. अडकलेल्या ब्रेकचा वासही बराचसा तसाच येतो.

इचलकरंजी_लूम
हँडब्रेक लावतच नाही मी, खरं सांगायचं तर. रविवारी बघतो.